उलट्या बाजूने पाहिलेली नववारी

स्वयंपाकघरात एक खण असतो ना, ज्यात प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या असतात? पिशव्या विकत कोणीच आणत नाही, पण खण काही बंद होत नाही. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी जमवायला जात नाही. कामाला जाते, डबा खाते, घरी येते, आणि एक पिशवी वाढलेली असते.

काम काय, तर लाइव्ह व्हिडिओ तपासायचे. एक ॲप आहे, त्यावर लोक लाइव्ह येतात. कोणी गातं, कोणी पोळ्या लाटतं, कोणी नुसतंच बसून गप्पा मारतं. बघणाऱ्यांपैकी कोणी तक्रार केली की तो व्हिडिओ आमच्याकडे येतो, आणि ठेवायचा की बंद करायचा ते आम्ही ठरवतो. बडोद्यात अलकापुरीच्या एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर बसून आपण अख्ख्या पश्चिम भारताची अब्रू सांभाळतो, असं आमचे टीम लीडर परेशभाई म्हणतात. गंमत म्हणजे ते हे अगदी गंभीरपणे म्हणतात.

हे किस्से सगळ्यात आधी ऐकायचा मान नलूकाकूंचा. काकू प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात, दत्ताकाका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. काकूंचं माहेरचं घराणं इथल्याच जुन्या संस्थानी फौजेतलं, त्यामुळे नववारी नेसायच्या चारपाच तऱ्हा आईकडून, आजीकडून त्यांच्याकडे आलेल्या. माझ्या शाळेच्या गॅदरिंगपासून मला नववारी त्याच नेसवत आल्या. गुडघ्यांनी दगा दिला आणि घरोघर जाणं थांबलं, तेव्हा त्यांनी आमच्याच ॲपवर चॅनल काढलं. आता सुरतेच्या, इंदूरच्या, अगदी अमेरिकेतल्या मुलीसुद्धा त्यांच्याकडून नेसायला शिकतात. शिकवलेलं सगळं त्या चॅनलवरच साठलेलं आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आमच्याकडे नियम असा की तीन ताकिदी मिळाल्या की खातं कायमचं बंद, आत साठवलेल्या सगळ्यासकट. मी हे सांगितलं तेव्हा काकू हसल्या होत्या.

"मला कोण ताकीद देणार गं प्राजू? मी साडी नेसवते, सोडत नाही."

* * *

पहिल्याच दिवशी परेशभाईंनी मला आणि हेतलला खिडकीच्या बाजूला बसवलं आणि मुलांना भिंतीच्या बाजूला. हेतल डभोईची, माझ्याबरोबरच लागली. मला वाटलं, बसायची जागा आहे, त्यात काय मोठंसं. पण कामाचीच वाटणी तशी होती.

आमचं मशीन चेहरा आणि कपडे बघून लाइव्हवर बाई आहे की पुरुष याचा अंदाज करतं. बाईविरुद्धची तक्रार असेल तर व्हिडिओ मुलांच्या रांगेत. पुरुषाविरुद्धची असेल तर आमच्या रांगेत. मी विचारलं, असं का? परेशभाई खरंच सज्जन माणूस, सकाळी आल्यावर सगळ्यांना वाकून "जय श्रीकृष्ण" करणारे. त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला.

"बेन, बायकांच्या व्हिडिओत गंदू गंदू असतं. ए तमारा माटे नथी."

म्हणजे आम्हाला वाईट दिसू नये म्हणून ही मर्यादा! परिणाम असा झाला की हेतल आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त पुरुष बघतो. पोट सुटलेले, दंड फुगवणारे, टॉवेलवर बसून राजकारण सांगणारे. बाई औषधालासुद्धा नाही.

हेतलला बघायला आणंदहून मुलगा आला होता. मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, बेटा, ऑफिसात काय काम करतेस? हेतल पडली सरळ. म्हणाली, "आखो दिवस पुरुषो जोऊं छुं." दिवसभर पुरुष बघते!

त्या बाईंनी चहा तसाच खाली ठेवला. स्थळ काही पुढे सरकलं नाही.

* * *

एक पहिलवान होता. लंगोट लावून, अंगाला तेल चोपडून, कॅमेऱ्याकडे पाठ करून बैठका काढायचा. तक्रारींचा ढीग. व्हिडिओ पुरुषाचा म्हणून आला हेतलकडे. तिने एक डोळा मिटून तो पाहिला आणि बंद केला. परेशभाईंनी तो परत चालू केला.

"ए तो कसरत छे," म्हणाले.

त्याच आठवड्यात मुलांच्या रांगेत एक योगशिक्षिका आली. गळ्यापर्यंत बंद कुर्ता, पायघोळ सलवार. सूर्यनमस्कारात ओढणी तोंडावर येत होती म्हणून तिने ती काढून बाजूला ठेवली. मेहुल म्हणून आमच्याकडे एक मुलगा आहे, कामात चपळ, सगळ्यात भराभर निकाल देणारा. त्याने तिला बंद केलं. हेतलने कारण विचारलं तर म्हणतो, "ओढणी नहोती."

"मग पहिलवानाने कोणत्या रंगाची घेतली होती?" हेतलने विचारलं.

मेहुल खरंच विचारात पडला. त्याला प्रश्न कळला नाही, हे बघून मी हसले, आणि घरी जाताना रिक्षात माझं हसू मावळलं. त्या बाईचे सकाळचे वर्ग होते. आता ते नव्हते.

* * *

आता ऐका, पहिली ताकीद काकूंना कशी मिळाली.

त्या दिवशी काकू पेशवाई पद्धतीची नववारी नेसायला शिकवत होत्या. स्वतःवरच नेसून दाखवत होत्या. आत कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, घोट्यापर्यंत लेगिंग. म्हणजे साडी नसती तरी त्या भाजी आणायला जाऊ शकल्या असत्या. कोणीतरी तक्रार केली. संध्याकाळी त्यांच्या फोनवर ताकीद: 'लाइव्हवर वस्त्रे उतरवणे.'

काकूंनी मला फोन केला. आवाजात राग कमी आणि आश्चर्य जास्त. "अगं, मी नेसत होते!"

दुसऱ्या दिवशी मी मेहुलला धरलं. तो शपथेवर सांगायला लागला की प्राजुबेन, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बेन साडी सोडत होत्या. आधी पदर काढला, मग एक एक निरी सोडली, शेवटी गाठ सुटली, साडी खाली.

मला आधी काही उमजेना. मग डोक्यात उजेड पडला आणि मी खुर्चीवर बसलेच.

आमच्याकडे व्हिडिओ उलटा बघतात. तक्रार ज्या क्षणी आली तिथून मागे मागे जायचं, तेही आवाज बंद करून, भरभर. काय वाईट घडलं असेल ते तक्रारीच्या आधीच घडलं असणार, मग पहिल्यापासून कशाला बघा? काम पटकन उरकतं. मेहुल तर त्यात पटाईत. त्यामुळे काकूंनी नेसलेली नववारी मेहुलने शेवटापासून सुरुवातीपर्यंत पाहिली!

मी परेशभाईंना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पद्धत सगळ्यांना एकच आहे. मी म्हटलं, एकच आहे ना, मग बघा. कारण त्याच सुमारास आमच्या रांगेत एक गुरुजी आले होते, पूजेचं सोवळं कसं नेसायचं ते शिकवणारे, वर उघडे. हेतलने तोही पद्धतीप्रमाणे उलटाच पाहिला. गुरुजींनी सोवळं नीट सोडून दाखवलं आणि व्हिडिओ संपला. हेतलने बंद केला. परेशभाईंनी चालू तर केलाच, वर त्याला 'संस्कार' असा शिक्का मारून ॲपच्या पहिल्या पानावर टाकला.

काकूंची ताकीद तशीच राहिली.

* * *

डभोईजवळची एक बाई म्हशीचं दूध काढताना लाइव्ह यायची. हेतलच्या गावाकडची, म्हणून हेतल रोज घरी बघायची. छान बोलायची ती. म्हशीशी जास्त, बघणाऱ्यांशी कमी. एक दिवस ती बंद झाली. कारण: 'अश्लील शब्द'.

शब्द होता आंचळ. गुजरातीत म्हशीच्या सडाला आंचळच म्हणतात, आपल्याकडे आचळ म्हणतात तसं. दुसरं काय म्हणणार? मशीनने शब्द पकडला, समोर बाई आहे हे ओळखलं, मुलांच्या रांगेत पाठवलं, मेहुलने बटण दाबलं.

आता योगायोग बघा. करजणचे एक जनावरांचे डॉक्टर आमच्या रांगेत आले. विषय आंचळाला येणारी सूज. तासभर तोच शब्द, वर हाताने दाखवून. मशीनने पुढे 'शैक्षणिक' असं लिहून पाठवलं होतं. हेतल तो व्हिडिओ घेऊन मेहुलच्या टेबलापाशी गेली आणि विचारलं, हे कसं काय?

"डॉक्टर बोले ते सायन्स," मेहुल म्हणाला.

"अने बेन बोले ते?"

मेहुलने पाण्याची बाटली उचलली आणि भरायला गेला. बाटली भरलेलीच होती.

* * *

हा पुढचा मी काकूंना सांगितला नाही. आईलाही नाही.

इथल्याच कॉलेजात शिकणारी एक मुलगी लाइव्ह बसून मेंदी काढायची. एक माणूस रोज येऊन खाली घाण लिहायचा. एक दिवस त्याने तिच्या होस्टेलचं फाटक कुठल्या गल्लीत आहे ते लिहिलं, आणि ती किती वाजता बाहेर पडते तेही. मुलगी घाबरली, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिने केलं. त्याला लाइव्हवर दोन शिव्या हासडल्या.

बंद कोण झालं? ती. 'शिवीगाळ' म्हणून. आणि तो? तो कॅमेऱ्यासमोर आलाच नव्हता. त्याने फक्त लिहिलं होतं, आणि लिहिलेलं आमच्या कामात येत नाही, ते कुठल्यातरी दुसऱ्या शहरातलं ऑफिस बघतं.

हे सगळं मला कळलं कारण मेहुलच स्वतःहून सांगायला आला. त्याचाही चेहरा उतरला होता. आम्ही दोघं परेशभाईंकडे गेलो. मी म्हटलं, निदान त्या माणसाचं काहीतरी करा, तो फाटकापर्यंत पोचलाय. परेशभाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्यांनाही वाईट वाटत होतं, हे मी मानते. मग म्हणाले, "पण बेन, एने लाइव आववानी जरूर शी हती?"

लाइव्ह यायची गरज काय होती! लाइव्हवर चालणाऱ्या कंपनीत, लाइव्हचा पगार घेणारा माणूस मला हे विचारत होता. त्या दिवशी डब्यातली भाजी मी तशीच परत नेली.

* * *

काकूंना दुसरी ताकीद कासोट्यावरून मिळाली.

नववारीत निऱ्यांचा घोळ दोन पायांतून मागे घ्यायचा आणि कमरेला खोचायचा, तो कासोटा. तो नसेल तर ती नववारी नाही, नुसतीच लांब साडी. मुलांच्या रांगेने ताकीद दिली: 'अश्लील हावभाव'. काकूंनी मला घरी बोलावलं. समोर बसवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"प्राजू, तूच सांग, कासोटा न घालता नववारी नेसतात का गं? माझी आजी अशी घोड्यावर बसायची म्हणे. तेव्हा कोणाला काही दिसलं नाही?"

आता एकच ताकीद उरली होती. त्यानंतर आजीची तऱ्हा, आईची तऱ्हा, काकूंनी शिकवलेलं सगळं एका बटणासरशी जाणार. मी म्हटलं, काकू, सगळं फोनमध्ये उतरवून घेऊ. पण ॲप स्वतःच्या खात्यातलंही उतरवून देत नाही. मी म्हटलं, मग काही दिवस लाइव्ह येऊ नका. काकू म्हणाल्या की श्रावण तोंडावर आलाय, मंगळागौरीसाठी मुली खोळंबल्यात, त्यांना काय सांगू?

दुसऱ्या दिवशी मी परेशभाईंसमोर उभी राहिले. म्हटलं, ओळखीच्या माणसाचा व्हिडिओ आपण बघत नाही हे मला मान्य आहे, मी मागत नाही. पण काकूंची पुढची तक्रार आली तर ती हेतलला बघू द्या. तिला निदान नेसणं आणि सोडणं यातला फरक कळतो.

परेशभाई समजूत काढल्यासारखं म्हणाले, "बेन, बायकांचं बायकांनी बघितलं तर ए पक्षपात कहेवाय."

हेतल शेजारीच उभी होती. तिने भिंतीकडच्या मुलांच्या रांगेकडे बघितलं, आमच्या दोन खुर्च्यांकडे बघितलं, आणि मला हाताला धरून जागेवर घेऊन आली.

* * *

आता शेवटचा.

तोड काकूंनीच काढली. मी बोलता बोलता त्यांना रांगांची भानगड सांगितली होती, ती त्यांनी बरोबर लक्षात ठेवली. रविवारी दुपारी मी कामावर होते. हेतलने एकदम मला खुणेने बोलावलं. तिच्या स्क्रीनवर दत्ताकाका उभे होते.

वर उघडे, खाली अर्धी चड्डी, दोन्ही हात कमरेवर, मिशा नीट विंचरलेल्या. बाजूने फक्त काकूंचा आवाज आणि काकूंचे हात. आज नववारी काकांवर नेसवून दाखवणार होत्या! काकांना बोलायचं नाही अशी सक्त ताकीद असावी, कारण कमरेची गाठ आवळली तेव्हा ते नुसतंच "हं" म्हणाले.

तक्रारी यायला लागल्या. येणारच होत्या. पण मशीनने पुरुष ओळखला होता, त्यामुळे सगळ्या येत होत्या हेतलकडे. हेतल एकेक तक्रार निकालात काढत होती आणि ओठ चावून हसू दाबत होती. निऱ्या झाल्या. कासोटा मागे गेला, काका जरासे उडाले, काही बिघडलं नाही. वर मशीनने आपणहून शिक्का मारला: 'संस्कार'. मी आणि हेतलने टेबलाखाली एकमेकींचे हात घट्ट धरले. वाचलं, असं मला मनापासून वाटलं. पदर तेवढा राहिला होता, तो काकूंनी काकांच्या हातात धरायला दिला होता.

पण काकू म्हणजे काकू. शिकवायला लागल्या की त्यांना भान राहत नाही. पदर काकांच्या डाव्या खांद्यावरून घेतला. मग म्हणाल्या, मुलींनो, डोक्यावरून घ्यायचा असेल तर असा. तो घेतला. मग कपाळाला चंद्रकोर लावली. मग कोणीतरी नथीबद्दल विचारलं असावं, कारण काकूंनी स्वतःच्या नाकातली दाबाची नथ काढली आणि काकांना घातली. चांगली मोठी, मोत्यांची, ओठांपर्यंत येणारी.

आणि हेतलच्या स्क्रीनवरून व्हिडिओ गेला.

आम्ही दोघी रिकाम्या स्क्रीनकडे बघत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं आणि मी उठून धावले. हेतल मागून. भिंतीच्या बाजूला पोचलो तेव्हा मेहुल शेवटापासून सुरुवात करून अर्ध्यावर आला होता. नथ घातलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक बेन. उजवा खांदा उघडा. आत ब्लाउज नाही. आणि मागे मागे जावं तसा पदर सुटतोय.

"मेहुल, थांब," मी ओरडले. त्याचं बोट बटणावर पडून गेलं होतं.

"त्यांना मिशा आहेत!"

मेहुलने परत स्क्रीनकडे बघितलं. "मूछ नथ पाछळ ढंकाई गई," म्हणाला, म्हणजे मिशा नथीमागे झाकल्या गेल्या.

परेशभाई आले. त्यांनी सगळं बघितलं, दोनदा बघितलं, एकदा सरळ आणि एकदा उलटं. त्यांना दिसलं होतं की हा पुरुष आहे. मी त्यांच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ते म्हणाले की मशीनने बाई म्हटलंय, मुलांच्या रांगेने निकाल दिलाय, तिसरी ताकीद झाली की खातं आपोआप पुसलं जातं, आता ते कोणाच्याच हातात नाही. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी मी प्रतापनगरला गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर ती नववारी, घडी न घातलेली. रडून झालं होतं. आईची तऱ्हा कोणी नीट शिकलं होतं का, ते त्या आठवत होत्या, एकेका मुलीचं नाव घेत होत्या आणि मान हलवत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले.

काका खिडकीपाशी उभे राहून काकूंच्या फोनवरचं वाचत होते. 'महिला. उघडे अंग.' ते त्यांनी कितीतरी वेळ वाचलं. पंखा होता, पण हवा अशी नव्हतीच, सगळी क्वार्टर्स पायरीवर येऊन बसली होती, पुरुष सगळे उघडे. खालून कोणीतरी हाक मारली, दत्ताभाऊ, या की खाली.

काकांनी फोन ठेवला. खुंटीवरचा वर्कशॉपचा शर्ट काढला, अंगात घातला आणि खालपासून गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

काकूंनी मान वर केली. "अहो, एवढं उकडतंय, शर्ट कशाला?"

"असू दे," काका म्हणाले. "लोक बघतात."